२,०६० वजा २,०६०

जुलै उजाडला की सोलापूर जिल्ह्यात पावसाची चौकशी आभाळाकडे बघून होत नाही, ती दौंडकडे बघून होते. 'दौंडला विसर्ग किती?' 'उजनी प्लसमध्ये आली का?' पाऊस पडतो मावळात आणि भीमाशंकरच्या डोंगरात. तो वरची धरणं भरतो, मग सांडव्यावरून सुटतो आणि दौंडचा पूल ओलांडून भीमेवरच्या उजनी धरणात पोचतो. हे 'प्लस-मायनस'चं प्रकरण बाहेरच्या माणसाला चमत्कारिक वाटतं. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आहे, पण त्यातलं जवळपास ६४ टीएमसी पाणी मृतसाठ्यात मोडतं. म्हणजे निम्म्याहून अधिक धरण कागदोपत्री मेलेलं असतं, आणि उन्हाळ्यात त्या मेलेल्या पाण्यावरच जिल्हा जगतो. त्याला म्हणायचं उणे साठा.

टीएमसी हा शब्द आपण इतक्या सहज वापरतो की त्याचा आकार विसरलो आहोत. एक टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट, लिटरमध्ये सुमारे २,८३२ कोटी. शहरातल्या माणसाला दिवसाला १३५ लिटर हे सरकारी माप धरलं, तर एका टीएमसीत पावणेसहा लाख माणसांचं वर्षभराचं पाणी भागतं. नदीच्या भाषेत सांगायचं तर ११,५७४ क्युसेकचा, म्हणजे सेकंदाला तितक्या घनफुटांचा, विसर्ग सलग चोवीस तास चालू राहिला की एक टीएमसी होतो. पुढचे आकडे वाचताना हे माप हाताशी असू द्या.

भीमा ज्या नदीला जाऊन मिळते ती कृष्णा महाबळेश्वरला उगम पावते. तिथून अरबी समुद्र सरळ रेषेत जेमतेम ६४ किलोमीटरवर. पण ती पाठ फिरवून पूर्वेला निघते आणि सुमारे १,४०० किलोमीटर चालून बंगालच्या उपसागराला मिळते. तिचं खोरं २ लाख ५९ हजार चौरस किलोमीटरचं. या खोऱ्यातल्या पाण्यावरून राज्यं भांडू लागली तेव्हा १९६९ साली न्यायमूर्ती बच्छावत यांचा लवाद नेमला गेला. लवादाने ७५ टक्के विश्वासार्हतेचं, म्हणजे चारपैकी तीन वर्षांत हमखास मिळेल असं पाणी मोजलं. ते भरलं २,०६० टीएमसी. वाटणी झाली ती अशी: महाराष्ट्र ५६०, कर्नाटक ७००, आंध्र प्रदेश ८००.

आता बेरीज करा. ५६० अधिक ७०० अधिक ८००, बरोबर २,०६०.

एक थेंबही उरला नाही. वाटपाला तीन राज्यं होती, चौथी वाटेकरी म्हणून स्वतः नदी कुणाला आठवली नाही. यात लवादाला दोष देण्यात अर्थ नाही. समुद्राला मिळणारं पाणी 'वाया जातं' हीच त्या काळची सर्वमान्य समजूत होती, आणि आजही प्रचारसभेत ते वाक्य हमखास टाळ्या घेतं. नंतर शेतातून झिरपून परत येणारं पाणी धरून तिन्ही राज्यांचे आकडे थोडे वाढवण्यात आले. नदीच्या खात्यावर तेव्हाही काही जमा झालं नाही. शिवाय ७५ टक्के विश्वासार्हतेचा दुसरा अर्थ असा की चारातल्या एका वर्षी तेवढंही पाणी येत नाही. त्या वर्षी वाटा कुणाचा कापायचा यावर राज्यं भांडतात. कापला जातो प्रवाह.

कागदावरची वजाबाकी जमिनीवर उतरायला तीस-चाळीस वर्षं लागली. १९६० पूर्वी कृष्णा वर्षाला सरासरी ५७ अब्ज घनमीटर, म्हणजे सुमारे २,००० टीएमसी पाणी समुद्राला देत होती. २००१ ते २००४ या कोरड्या वर्षांत हा आकडा जवळजवळ शून्यावर आला. देशातल्या मोठ्या नद्यांत गणली जाणारी नदी समुद्रापर्यंत पोचलीच नाही म्हटलं तरी चालेल. गंमत अशी की नदी संपवण्याचा निर्णय कुणीही, कधीही, कुठल्याही बैठकीत घेतला नव्हता.

घेतले गेले ते हजारो छोटे निर्णय. मोठ्या धरणांच्या राष्ट्रीय यादीत महाराष्ट्राची सुमारे २,४०० धरणं आहेत, देशातल्या एकूण संख्येच्या सुमारे चाळीस टक्के. ती सगळी कृष्णेच्या खोऱ्यात नाहीत, पण सवय कळायला तेवढं पुरे. कृष्णेवर आणि तिच्या उपनद्यांवर कोयना आहे १०५ टीएमसीची, उजनी ११७ची. खाली अलमट्टी, नारायणपूर, तुंगभद्रा, श्रीशैलम, नागार्जुनसागर आणि विजयवाड्याचा प्रकाशम बंधारा. मधल्या जागेत कोल्हापूर पद्धतीचे बंधारे, ज्यांचे बरगे पावसाळा ओसरला की बसवले जातात. त्यात पश्चिमेकडे वळवलेलं पाणी वेगळंच. १९१५ साली खोपोलीत वीज तयार होऊ लागली तेव्हापासून मावळातलं पाणी घाट उतरून कोकणात जातंय. मुळशीच्या धरणाविरुद्ध सेनापती बापटांनी सत्याग्रह केला तो १९२१ साली, पण तो जमिनीसाठी होता. नदीसाठी लढायची तेव्हा वेळ आली नव्हती. बच्छावत लवादाने टाटांच्या वीजप्रकल्पांना कुठल्याही सलग पाच वर्षांत २१२ टीएमसी आणि कोयनेला वर्षाला ६७.५ टीएमसी पाणी पश्चिमेला वळवायला मुभा दिली. दोन्ही मिळून वर्षाला सरासरी ११० टीएमसी, म्हणजे जवळपास एक उजनी दरवर्षी खोऱ्याबाहेर. आणि हे पाणी नाहीसं होत नाही. कोयनेचं वाशिष्ठीत उतरतं, तिथे उन्हाळ्यातही गोडं पाणी वाहतं आणि दाभोळच्या खाडीच्या खारेपणाचा मूळचा ताळा बदलतो. एका धरणाचा हिशेब दोन समुद्रांपाशी मांडावा लागतो.

पाण्याबरोबर गाळही अडतो, आणि गाळाचे आकडे पाण्यापेक्षा भयंकर आहेत. नागार्जुनसागरची मूळ क्षमता ४०८ टीएमसी होती, आता ती ३१२ धरली जाते. श्रीशैलमची ३०८ वरून २१६ झाली. तुंगभद्रेची १३२ वरून १०६. या तीन धरणांत मिळून सुमारे २१५ टीएमसी जागा गाळाने खाल्ली. कोयना आणि उजनी काठोकाठ भरली तर २२२ टीएमसी होतात. म्हणजे जवळपास कोयना-उजनी भरेल एवढा चिखल खालच्या तीन जलाशयांत बसला आहे.

हा गाळ जायचा होता त्रिभुज प्रदेशात. तिथे तो कसा आटला पाहा: १९६६ ते ६९ या काळात कृष्णा वर्षाला सुमारे ९० लाख टन गाळ किनाऱ्याकडे नेत होती, २००० ते २००५ दरम्यान तो ४ लाख टनांवर आला. शेजारच्या गोदावरीचा १५ कोटी टनांवरून पावणेसहा कोटींवर. त्रिभुज प्रदेशाची जमीन स्वतःच्या वजनाने सतत खचत असते आणि समुद्र ती सतत खात असतो. नदी नवा गाळ आणून टाकते म्हणूनच ती टिकते. आणणं थांबलं तर खाणं तेवढं उरतं. १९६५ ते २००८ या त्रेचाळीस वर्षांत कृष्णा-गोदावरीच्या ३३६ किलोमीटर किनाऱ्यावरून निव्वळ ७६ चौरस किलोमीटर जमीन गेली. एकरांत सुमारे १९ हजार. सुरुवातीला वेग वर्षाला १.४ चौरस किलोमीटर होता, नव्वदच्या दशकात तो २.३ झाला. ज्यांचं शेत समुद्रात गेलं त्यांनी भरपाईचा अर्ज कुणाच्या नावाने करायचा? कुठल्याही एका धरणाकडे बोट दाखवलं तर ते धरण म्हणेल, माझा वाटा नगण्य आहे. आणि ते खरंच बोलेल.

मुळात गोम इथेच आहे. प्रत्येक प्रकल्पाचा अहवाल स्वतंत्र असतो आणि स्वतंत्रपणे पाहिलं तर बहुतेक अहवाल खोटे नसतात. समजा, एका नदीवर येणाऱ्या प्रत्येक प्रकल्पाने उरलेल्या प्रवाहातला फक्त पाच टक्के घेतला. पाच टक्के म्हणजे काहीच नाही, कुठलीही समिती मान डोलावेल. असे चौदा प्रकल्प झाले की निम्म्याहून कमी नदी उरते. पंचेचाळीसाव्याला दहा टक्केही उरत नाही. पण पंचेचाळीसाव्या अहवालातही 'परिणाम: पाच टक्के' असंच लिहिलेलं असतं, कारण तो आजच्या नदीला शंभर धरतो. आधीच्या चव्वेचाळीसांनी जे नेलं ते त्याच्या दृष्टीने निसर्गतःच नव्हतं. कारखान्याच्या किंवा बांधकामाच्या अहवालासाठी साधारणपणे पावसाळा सोडून एका ऋतूची निरीक्षणं पुरतात. तीन महिन्यांची नदी ही मूळ नदी ठरते. एकाच माणसाने गावातल्या दहा पतपेढ्यांतून कर्ज उचलावं आणि प्रत्येक पतपेढीने फक्त आपलंच खातं तपासून त्याला सुस्थितीतला ठरवावं, तसा हा कारभार.

नियमांतल्या मर्यादाही याच कारभाराला साजेशा आहेत. १४ सप्टेंबर २००६ च्या पर्यावरणीय आघात मूल्यांकनाच्या अधिसूचनेनुसार २०,००० चौरस मीटरपेक्षा कमी बांधकामाला पर्यावरण मंजुरी लागत नाही. एकाच ओढ्याच्या काठावर १९,९०० चौरस मीटरच्या शंभर इमारती उभ्या राहिल्या तर बांधकाम होतं १९ लाख ९० हजार चौरस मीटर आणि मूल्यांकनं होतात शून्य. २०१४ च्या दुरुस्तीने २,००० हेक्टरपेक्षा कमी लाभक्षेत्राच्या सिंचन प्रकल्पांना सूट मिळाली. १,९९९ हेक्टरचे पन्नास प्रकल्प एका उपनदीवर बसवा, लाख हेक्टरला पाणी दिलं जाईल आणि नदीचं काय झालं हे विचारायला कायदा येणार नाही. एकत्रित परिणाम हा विषय अधिसूचनेला अजिबात ठाऊक नाही असंही नाही. प्रकल्पाच्या अर्जाच्या नमुन्यात नवव्या भागात तो विचारलेला आहे: परिसरातल्या सध्याच्या किंवा नियोजित अशाच प्रकल्पांमुळे एकत्रित परिणाम होईल का? एक ओळ. अख्ख्या कृष्णेला अर्जात मिळालेली जागा तेवढीच.

या हिशेबाचा दुसरा भाग कळायला पुण्याचं उदाहरण घेऊ, कारण तिथे बेरीज संपून गुणाकार सुरू होतो. टेमघर, वरसगाव, पानशेत आणि खडकवासला ही धरणसाखळी मिळून सुमारे २९ टीएमसी पाणी धरते. शहर ते पितं, उरलेलं कालव्याने दौंड-इंदापूरच्या शेतीला जातं. शहरातून वाहणाऱ्या मुठा नदीला मिळतो तो पावसाळी सांडवा. हा एक निर्णय, एका खात्याचा. दुसरं खातं सांडपाण्याचं. नदी सुधारण्याची जपानी कर्जाची योजना २०१५-१६ च्या सुमारास मंजूर झाली तेव्हा शहरात दिवसाला ७४.४ कोटी लिटर मैलापाणी तयार होत होतं आणि ४७.७ कोटी लिटर शुद्ध करण्याची सोय होती. उरलेलं २६.७ कोटी लिटर जसंच्या तसं नदीत. दिवसाचा आकडा ऐकून कुणी दचकत नाही, म्हणून वर्षाचा करू: सुमारे ९,७५० कोटी लिटर, म्हणजे ३.४ टीएमसी. खडकवासल्याची क्षमता १.९७ टीएमसी. पुणं दरवर्षी पावणेदोन खडकवासले भरतील एवढं कच्चं मैलापाणी खाली सोडत होतं.

आता त्यातला प्राणवायू बघा. कच्च्या मैलापाण्याच्या एका लिटरला कुजण्यासाठी ढोबळमानाने २०० मिलिग्रॅम प्राणवायू लागतो. नदीच्या स्वच्छ पाण्यात तो लिटरला सुमारे आठ मिलिग्रॅम असतो. म्हणजे एक लिटर मैलापाणी पंचवीस लिटर चांगल्या पाण्याचा श्वास बंद करतं. वरच्या आकड्याला लावलं तर दिवसाला ५३ टन प्राणवायू. आंघोळीयोग्य पाण्यासाठी ही मागणी लिटरला तीन मिलिग्रॅमच्या आत हवी. नुसतं पातळ करून तिथपर्यंत यायचं तर अहोरात्र सुमारे ७,२०० क्युसेक निर्मळ पाणी सोडावं लागेल, वर्षाला सव्वादोनशे टीएमसीहून जास्त. धरणसाखळीत आहेत २९. आठपट पाणी कुठून आणणार?

धरण एकटं असतं तर मुठा बारीक झाली असती. मैलापाणी एकटं असतं तर भरल्या मुठेने त्यातलं बरंच पचवलं असतं. दोन्ही एकत्र आल्यावर जे झालं ते कुठल्याच खात्याच्या अहवालात नाही, कारण एक खातं पाणी मोजतं, दुसरं घाण मोजतं, आणि दोघांची कार्यालयं वेगळ्या इमारतींत आहेत. पुढे पिंपरी-चिंचवडचं पाणी येतं, कारखान्यांचं येतं, उसाच्या शेतातलं खत झिरपतं, आणि हे सगळं उजनीत थांबतं. साचलेलं पाणी, ऊन आणि नत्र-स्फुरद यांचं जे व्हायचं तेच होतं: हिरवी साय आणि जलपर्णी. सोलापूरकर पुण्याला शिव्या देतात. पुणेकरांना त्या पोचत नाहीत, कारण नदी फक्त एकाच दिशेने निरोप नेते.

या पाण्यात राहणाऱ्यांची नोंद सुदैवाने जुनी आहे. कर्नल साइक्स या ब्रिटिश अधिकाऱ्याने १८३९ साली दख्खनच्या माशांची वर्णनं प्रसिद्ध केली. त्यात महाशीराची एक जात त्याला पुण्याच्या पूर्वेला काही मैलांवर मुळा-मुठेत मिळाली. नाकावर गाठ असलेला नकटा मासा त्याने इंदापूरजवळच्या भीमेतून नोंदवला. आज ज्या पात्रावर उजनीचा फुगवटा पसरला आहे तोच हा टापू. महाशीराला वाहतं, थंड, प्राणवायूने भरलेलं पाणी आणि अंडी घालायला वर चढून जाण्याची वाट लागते. धरणाने वाट बुजवली, शहराने प्राणवायू नेला. उजनीकाठच्या भिगवणच्या बाजारात आता ढीग असतो तो चिलापीचा. ती मूळची आफ्रिकेची, साचलेल्या आणि घाण पाण्यातही तगणारी. महाशीर वाचवायचे प्रयत्नही झाले. लोणावळ्याजवळ वळवणला टाटांच्या केंद्रात १९७०च्या दशकापासून त्याची पिल्लं वाढवली जातात आणि ठिकठिकाणच्या पाण्यांत सोडली गेली, पार कावेरीपर्यंत. तिथे मात्र हाच दख्खनचा पाहुणा कावेरीच्या स्वतःच्या, पाठीवर कुबड असलेल्या महाशीराच्या मुळावर आला, असं अभ्यासक मानतात. एका नदीतला उपाय दुसऱ्या नदीच्या खात्यात नुकसान म्हणून जमा झाला.

हिशेबात जमेची बाजूही आहे, ती लपवायचं कारण नाही. उजनीने सोलापूरच्या कोरड्या माळावर ऊस आणि केळी उभी केली. भिगवणच्या उथळ दलदलीत रोहित पक्षी उतरतात तेही धरणानंतरच. एकत्रित मूल्यांकन म्हणजे प्रत्येक प्रकल्पाला नकार, असा जो समज पसरवला जातो तो म्हणूनच चुकीचा. सगळं एका पानावर मांडा, एवढीच मागणी आहे. ती अव्यवहार्यही नाही. अलकनंदा आणि भागीरथी या गंगेच्या दोन शिरांवर सत्तर जलविद्युत प्रकल्पांचा एकत्र विचार भारतीय वन्यजीव संस्थेने केला तेव्हा दिसलं की सगळे झाले तर भागीरथीच्या ८१ टक्के आणि अलकनंदेच्या ६५ टक्के लांबीवर परिणाम होईल. विचाराधीन ३९ प्रकल्पांपैकी २४ सोडून द्यावेत, असं संस्थेने सुचवलं. एकेकटा पाहिला असता तर त्यातला बहुधा प्रत्येक प्रकल्प पास झाला असता. केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने २०१३च्या मे महिन्यात खोऱ्याचा एकत्रित अभ्यास हवा असं पत्रक काढलं, पण ते जलविद्युत प्रकल्पांपुरतं. सिंचनाचं धरण, साखर कारखाना, गृहसंकुल आणि मैलापाण्याचा नळ यांची एकत्र बेरीज करणारं टेबल आजही कुठे नाही.

कृष्णेच्या दुसऱ्या लवादाने, न्यायमूर्ती ब्रिजेश कुमार यांच्या, २०१० साली नदीला प्रथमच काही दिलं. कर्नाटकाने ७, आंध्रने ६ आणि महाराष्ट्राने ३, असे मिळून १६ टीएमसी किमान प्रवाहासाठी सोडायचे. याच लवादाने नदीचा सरासरी वार्षिक प्रवाह २,५७८ टीएमसी धरला आहे. म्हणजे नदीला नदीतलं पाऊण टक्काही नाही. वर्षभर समान सोडलं तर हे पाणी ५०७ क्युसेक भरतं. दौंडला ५०७ क्युसेक आले तर सोलापूरचा शेतकरी वर मान करूनही बघत नाही. आणि एवढंसं देणारा तो निवाडासुद्धा न्यायालयीन वादात २०११ पासून राजपत्राबाहेर अडकून पडला आहे.

तोपर्यंत वाचकाच्या हातात एक गोष्ट आहे. मोठ्या प्रकल्पाची जनसुनावणी असेल तर तिची सूचना किमान तीस दिवस आधी निघते, आणि अहवाल, त्याच्या मराठी सारांशासह, जिल्हाधिकारी कार्यालयात आणि जिल्हा परिषदेत कुणालाही पाहता येतो. तुमच्या नदीवर असा प्रकल्प आला तर जा, अर्जाचा नववा भाग उघडा, एकत्रित परिणामांच्या ओळीसमोर काय लिहिलंय ते वाचा, आणि सुनावणीत उभं राहून विचारा की आधीच्या सगळ्या प्रकल्पांसह बेरीज किती होते. उत्तर इतिवृत्तात नोंदवून घ्या.